गिरणगावाचा अजिंक्य संघ : १८८८-८९

इंग्लंडच्या फुटबॉल लीगचे सामने आज आपल्या घराघरांतून पाहिले जातात. ज्या पहिल्या मोसमातून ही परंपरा उभी राहिली, तो राणी व्हिक्टोरियाच्या काळातला. त्याचा नायक होता लँकेशायरमधील प्रेस्टन या गिरणगावाचा संघ, प्रेस्टन नॉर्थ एंड.

कायद्याने तेथील कापडगिरण्यांना शनिवारी दुपारी सुटी मिळू लागली आणि कामगारांची पावले मैदानाकडे वळली. (आपल्या मुंबईच्या गिरणी कामगारांना साप्ताहिक सुटीसाठी १० जून १८९० पर्यंत थांबावे लागले; ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मिळाली.) प्रेक्षक तिकीट काढू लागले, तसे खेळाडूंनाही गुपचूप पैसे मिळू लागले. बड्या शाळांतून आलेल्या हौशी खेळाडूंना हे कमीपणाचे वाटे. पण ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर, त्याने खाडा करून खेळायचे कसे? प्रेस्टनचे विल्यम सडेल हे स्वतः एका गिरणीचे व्यवस्थापक. १८८४ साली तक्रार झाली तेव्हा, आम्ही खेळाडूंना पैसे देतो, असे त्यांनी उघड मान्य केले. संघ चषक स्पर्धेतून बाद झाला. पण पुढच्याच वर्षी, १८८५ मध्ये, फुटबॉल असोसिएशनला पगारी खेळाडूंना मान्यता द्यावी लागली.

आता पगार नियमित द्यायचे, पण सामने बेभरवशाचे! चषकातून संघ बाहेर पडला की पुढचे महिने मोकळे. ठरलेले सामनेही ऐनवेळी रद्द होत. यावर तोडगा सुचविला बर्मिंगहॅमचे कापड दुकानदार आणि ॲस्टन व्हिला क्लबचे कार्यकर्ते विल्यम मॅकग्रेगर यांनी. २ मार्च १८८८ रोजी त्यांनी काही क्लबांना पत्र लिहिले की, प्रमुख दहा-बारा क्लबांनी एकत्र येऊन परस्परांच्या मैदानांवर खेळायचे सामने आधीच ठरवून घ्यावेत. एप्रिलमध्ये मँचेस्टरच्या बैठकीत लीग स्थापन झाली. क्लब बारा, लंडनचा एकही नाही.

८ सप्टेंबर १८८८ रोजी सामने सुरू झाले. गोलला जाळी नव्हती, पेनल्टी किक नव्हती. गंमत म्हणजे विजयाला दोन आणि बरोबरीला एक गुण, हा नियमसुद्धा मोसम सुरू झाल्यावर नोव्हेंबरात ठरला! प्रेस्टनने २२ पैकी १८ सामने जिंकले, ४ बरोबरीत सोडविले, एकही हरला नाही. गोल केले ७४, स्वीकारले १५. गुण ४०, दुसऱ्या क्रमांकावरील ॲस्टन व्हिलाचे २९. ३० मार्च १८८९ रोजी क्रिकेटरसिकांच्या परिचयाच्या ओव्हल मैदानावर त्यांनी वुल्व्हरहॅम्प्टनला ३-० असे हरवून चषकही पटकावला, तोही संपूर्ण स्पर्धेत एकही गोल न स्वीकारता.

या यशाचे शिल्पकार सडेल यांची अखेर मात्र चटका लावणारी आहे. गिरणीच्या पैशांचा अपहार केल्याबद्दल १८९५ साली त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. त्यातला काही पैसा संघासाठीच खर्च झाला, असे सांगतात. सुटल्यावर ते दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तिथेच वारले.

मॅकग्रेगर यांचे वेळापत्रक आजही टिकून आहे, आणि प्रेस्टनचा तो विक्रमही आदराने सांगितला जातो. वर्गणीवर उत्सव उभा करणाऱ्या आपल्यासारख्या मंडळांनी सडेल यांचाही विसर पडू देऊ नये. संस्थेवर जीव ओतणारा माणूस मिळणे हे भाग्यच. पण त्याच्या हाताशी चोख हिशेब ठेवणारे चार जण असले, तर संस्थाही टिकते आणि तो माणूसही.