कुलूपकाराचा मुलगा : गेऑर्ग ओम

आपल्यातील एखादा मुलगा कॉलेजच्या पहिल्याच वर्षी घसरला, की घरावर जणू सुतक पसरते आणि त्यास कोठेतरी लवकर चिकटवून द्यावे हा विचार बळावतो. अशा प्रत्येक घरी सांगण्याजोगी एक जुनी हकीकत ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहे.

गेऑर्ग सिमॉन ओम यांचा जन्म जर्मनीतील एर्लांगेन गावी १६ मार्च १७८९ रोजी झाला. वडील कुलुपे घडविणारे कारागीर. शाळेचे शिक्षण त्यांच्या वाट्यास आले नव्हते. पण स्वतः पुस्तके वाचून गणित आत्मसात करून त्यांनी ते आपल्या मुलांस घरीच शिकविले. गेऑर्ग दहा वर्षांचा असता आई निवर्तली.

सन १८०५ मध्ये तो गावच्या विद्यापीठात दाखल झाला, आणि अभ्यास सोडून नृत्य, बिलियर्ड व बर्फावरील घसरगुंडी यांत रमला. पोटास चिमटा घेऊन शिकविणाऱ्या बापास हे कसे सहन व्हावे? दीड वर्षातच त्यांनी त्यास काढून घेतले. सतराव्या वर्षी गेऑर्ग स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणिताचा मास्तर झाला. वडिलांचा राग रास्तच होता. परंतु विद्यापीठाने जे साधले नाही ते या मास्तरकीने साधले, असे आम्हांस वाटते. फावल्या वेळी ऑयलर व लाप्लास यांचे ग्रंथ स्वतःच वाचून तो परतला आणि १८११ मध्ये त्याच विद्यापीठाची डॉक्टरेट त्याने मिळविली.

तरीही दैन्य संपले नाही. विद्यापीठातील अध्यापनावर पोट भरेना, म्हणून १८१३ मध्ये बाम्बेर्क येथील शाळा पत्करली. तीही १८१६ मध्ये बंद पडली. पुढील वर्षी भूमितीवरील आपले पुस्तक त्यांनी प्रशियाच्या राजाकडे पाठविले आणि कोलोन येथील शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकविण्याची जागा मिळाली. तेथे उपकरणे बऱ्यापैकी होती, आणि ती हाताळण्याचे कसब बापाच्या कारखान्यातून आलेले होते.

येथे एक गोष्ट पाठ्यपुस्तके सहसा सांगत नाहीत. १८२५ मध्ये ओम यांनी प्रवाहाविषयी जो पहिला नियम प्रसिद्ध केला, तो चुकीचा होता. व्होल्टाच्या घटांची शक्ती प्रयोग चालू असतानाच बदलत असे. मग मोजमाप जुळावे कसे? तेव्हा पोगेनडोर्फ या संपादकाच्या सूचनेवरून त्यांनी घट बाजूस ठेवले आणि बिस्मथ व तांबे यांच्या दोन सांध्यांपैकी एक उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवून प्रवाह निर्माण केला. तापमानांतील अंतर स्थिर, म्हणून प्रेरणाही स्थिर. मग कमीअधिक लांबीच्या तांब्याच्या आठ तारा एकामागून एक जोडून, टांगलेल्या चुंबकसूचीने प्रवाह मोजला. तार जितकी लांब तितका रोध अधिक आणि प्रवाह त्या मानाने कमी, हे १८२६ मध्ये निर्विवाद दिसले. आज शाळेतील मुले एका ओळीत पाठ करतात तो नियम हा.

अर्ध्या पगाराची रजा घेऊन बर्लिन येथे लिहिलेला त्यांचा ग्रंथ १८२७ मध्ये निघाला. त्यामुळे विद्यापीठात जागा मिळेल ही आशा होती. पण तेथील पंडितांनी त्याची उपेक्षा केली, काहींनी टीकाही केली. खिन्न होऊन ओम यांनी १८२८ मध्ये कोलोनची नोकरी सोडली व पाच वर्षे बर्लिनमध्ये किरकोळ शिकवण्यांवर काढली. अखेर १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत अध्यापक झाले आणि पुढे तिचे प्रमुखही.

मान प्रथम मिळाला तो परक्यांकडून. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉपली पदक दिले. स्वदेशातील विद्यापीठाचे पूर्ण प्राध्यापकपद म्यूनिक येथे १८५२ मध्ये लाभले, तेव्हा वय त्रेसष्ट होते. आपल्या व्याख्यानांस येणाऱ्या विद्यार्थ्यांकरिता त्यांनी पदार्थविज्ञानाचे एक पुस्तक लिहिले. ते १८५४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी ६ जुलै रोजी ते निधन पावले. सत्तावीस वर्षांनी पॅरिसच्या विद्युत्परिषदेने या कुलूपकाराच्या मुलाच्या नावाचे रोधाचे एकक अधिकृतपणे स्वीकारले.