नकाशावरील सावलीची दिशा

संगणकावर काल्पनिक प्रदेशांचे नकाशे करणारे चित्रकार डोंगर, बुरूज, भिंती यांना उठाव देण्यासाठी जी सावली वापरतात ती बहुधा उजवीकडे खाली, म्हणजे आग्नेयेस पडते. प्रकाश वायव्येकडून येतो हे त्यामागील गृहीतक संगणकाच्या पुष्कळ आधीचे आहे.

जुन्या युरोपीय नकाशांत डोंगर बाजूने पाहिल्याप्रमाणे, उंचवट्यांच्या ओळींनी दाखवीत. त्यामुळे डोंगरामागचा प्रदेश झाकला जाई आणि उताराचा अंदाज येत नसे. प्रदेश वरून पाहून केवळ छायेने उठाव दाखविण्याचा विलक्षण प्रयत्न हान्स कॉनराड गीगर याने झुरिच परगण्याच्या नकाशात केला. सुमारे 38 वर्षांच्या श्रमांनंतर 1667 मध्ये पूर्ण झालेला हा नकाशा लष्करी गुपित म्हणून दडवून ठेवला गेला आणि त्याची रीत पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचली नाही. नकाशाशास्त्राचे हे मोठेच नुकसान होय.

1799 मध्ये सॅक्सनीचा लष्करी अधिकारी योहान गेओर्ग लेमान याने उताराच्या दिशेने आखलेल्या आखूड रेषांना गणिती शिस्त लावली: उतार जितका तीव्र तितकी रेषा जाड, आणि 45 अंशांचा उतार पूर्ण काळा. यात प्रकाश थेट डोक्यावरून पडतो असे मानल्यामुळे मोजमाप अचूक होई, परंतु डोंगराच्या सर्व बाजू सारख्याच काळवंडत. गियोम-आंरी द्यूफूर याच्या देखरेखीखाली 1845 ते 1865 या काळात प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडच्या 25 पत्रकांच्या नकाशात मात्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या याच रेषा वायव्येकडील तिरप्या प्रकाशाला धरून जाड-बारीक केल्या गेल्या, आणि आल्प्सच्या रांगा कागदावर उभ्या राहिल्या.

वास्तविक स्वित्झर्लंडमध्ये मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे असतो. तरीही ही दिशा टिकली, कारण उजेड वरून येतो असे मानण्याची डोळ्यांना सवय असते. नकाशात तो खालून आला तर शिखरे खड्ड्यांसारखी आणि दऱ्या डोंगरधारांसारख्या भासतात. उत्तर दिशा वर ठेवून पाहिलेल्या हिमालयाच्या उपग्रह-छायाचित्रांत हा उलटा भास अनेकदा होतो.

काल्पनिक भूगोलाने प्रथम जुनाच मार्ग धरला. 1954 मध्ये प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’साठी ख्रिस्तोफर टॉल्किन यांनी काढलेल्या नकाशात डोंगर बाजूनेच दिसतात, आणि ते योग्यही आहे, कारण कथेतल्या प्रवाशाला डोंगर वाट अडविणारी भिंत म्हणूनच भेटतो. 1993 मध्ये आलेल्या ‘कॅम्पेन कार्टोग्राफर’सारख्या प्रणालींनी हे काम संगणकावर आणले, तर 1998 च्या फोटोशॉप 5.0 मध्ये लेअरला, म्हणजे चित्राच्या एकावर एक रचलेल्या पारदर्शक थरांपैकी एकेकाला, आपोआप सावली (ड्रॉप शॅडो) आणि उतरत्या कडा (बेव्हल) देण्याची सोय झाली. सर्व थरांना प्रकाशाचा एकच कोन लावण्याची तजवीजही अशा प्रणालींत असते. कोरीव काम करणाऱ्या कारागिराला जी शिस्त प्रत्येक रेषेगणिक पाळावी लागे, ती येथे एका आकड्यात मावते.

मात्र सावलीचा अर्थ चित्रकारालाच ठरवावा लागतो. तळघराच्या आराखड्यात कडेच्या बाहेर पडलेली सावली चौथरा सुचविते, तर आत पडलेली खड्डा; सावलीची लांबी वस्तूची उंची सांगते. तयार चिन्हात छाया आधीच रंगविलेली असेल आणि विविधतेसाठी ते आडवे उलटविले, तर एकाच डोंगररांगेवर दोन सूर्य तळपू लागतात. याहून सूक्ष्म दोष एदुआर्द इमहोफ (1895–1986) या स्विस नकाशाकाराच्या कामाशी तुलना केल्यास कळतो. शिखरांवर छाया-प्रकाशाचा विरोध तीव्र ठेवून तो सखल भागाकडे विरळ करीत नेणे, ही त्यांची रीत होती. स्वयंचलित सावली मात्र हिमशिखराला आणि झोपडीला सारखीच गडद पडते, म्हणून जाणते चित्रकार ती वेगळ्या थरावर घेऊन दऱ्यांच्या तळाशी हाताने फिकी करतात.