मंदिर गेले, पाठशाळा राहिली

श्रोते हो, आजचा विषय थोडा लांबचा आहे, पण त्याचे एक टोक आपल्या कोकणात आहे. पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यात अलिबाग, पेण, नागाव, रेवदंडा या बाजूला तेलाचे घाणे चालवणारे काही लोक होते. त्यांचा घाणा सहा दिवस फिरे आणि शनिवारी बंद राही. बैल सुटे, माणसे विसावा घेत. म्हणून गावाने त्यांना नाव दिले ‘शनवार तेली’. हे आपले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू लोक. नागावचे ते नागावकर, पेणचे ते पेणकर. आडनावेही आपल्याच गावांची.

आता प्रश्न असा की, शनिवारी काम करायचे नाही हे ठीक. पण काम म्हणजे काय? चूल पेटवणे हे काम का? कपड्याला टाका घालणे हे काम का? यावर ज्यू विद्वानांनी फार बारकाईने विचार केला आणि एकोणचाळीस प्रकारच्या कामांची यादी केली. शेतकरी बंधूंनी ती यादी जरूर ऐकावी, कारण ती शेतातच सुरू होते. पेरणी, नांगरणी, कापणी, पेंढ्या बांधणे, मळणी, उफणणी, निवडणे, दळणे, चाळणे, मळणे, भाजणे. म्हणजे बियाण्यापासून भाकरीपर्यंतचा सारा प्रवास!

तुम्ही म्हणाल, पेरणी आधी आणि नांगरणी नंतर? हे कोणत्या शहाण्याने लिहिले? अहो, हाच प्रश्न त्यांच्या पाठशाळेतही विचारला गेला. उत्तर मिळाले की, ज्याने यादी केली तो पॅलेस्टाईनच्या भूमीतला होता आणि तिकडे पेरल्यावर पुन्हा नांगर फिरवीत. जमीन टणक, म्हणून बी झाकायला दुसऱ्यांदा नांगरावे लागे. आपणही पेरणीमागून कुळवाची हलकी पाळी घालतोच की! सांगायचा मुद्दा हा, की धर्मग्रंथातल्या एका शब्दाच्या क्रमावर शंका काढायची, आणि तिचे उत्तर शेताच्या बांधावर जाऊन शोधायचे, अशी ही विद्या आहे.

या विद्येच्या आचार्यांना ‘रब्बी’ म्हणतात. रब्बी म्हटल्यावर आपल्यापुढे गहू-हरभरा उभा राहतो. पण त्या हंगामाचा या शब्दाशी संबंध नाही. हिब्रू भाषेत रब्बी म्हणजे ‘माझे गुरुजी’. तेव्हा शिक्षक बंधू-भगिनींनो, आजची गोष्ट तुमच्याच घराण्याची आहे असे समजा.

इसवी सन 70 मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेम जिंकले आणि तिथले एकमेव मोठे मंदिर जाळून टाकले. ज्यू लोकांचा यज्ञ तिथे, यात्रा तिथे, पुरोहित तिथे. ते सारे एका उन्हाळ्यात गेले. अशा वेळी एखादा समाज विरून जायचा. पण हा गेला नाही. त्यांच्यात एक कथा सांगतात. वेढा पडलेला असताना योहानान बेन झक्काई नावाचे वृद्ध आचार्य मेल्याचे सोंग घेऊन तिरडीवरून शहराबाहेर पडले. रोमन सेनापती व्हेस्पासियन याच्यापुढे ते उभे राहिले. ‘माग काय मागायचे ते,’ असे म्हटल्यावर त्यांनी राज्य मागितले नाही, मंदिरही मागितले नाही. समुद्राजवळचे याव्ने नावाचे गाव आणि तिथली विद्वान मंडळी तेवढी वाचवा, इतकेच मागितले. कथा खरी असो वा रचलेली; याव्नेची पाठशाळा मात्र खरी. यज्ञाच्या जागी प्रार्थना, दान आणि अध्ययन आले. वेदी गेली आणि तिच्या जागी फळा आला, असे आपण म्हणू.

आणि या आचार्यांचा पोटापाण्याचा धंदा काय? कोणी कोळसे पाडणारा, कोणी जोडे शिवणारा. ज्ञान विकायचे नाही, हाताने मिळवून खायचे, ही जुन्या रब्बींची शिस्त होती.

शाळेबद्दलची त्यांची एक आठवण फार मोलाची आहे. पूर्वी बाप मुलाला शिकवी. मग ज्याला बाप नाही तो पोरका मुलगा अडाणीच राही. म्हणून जेरुसलेममध्ये शिक्षक नेमले. पण तरीही बाप असलेलाच मुलगा तिथवर पोहोचे. मग जिल्ह्या-जिल्ह्यात शिक्षक नेमले आणि सोळा-सतरा वर्षांचे मुलगे गोळा केले. झाले काय, की गुरुजी रागावले की पोरगा पाय आपटीत चालता होई! शेवटी मंदिर पडण्याच्या थोडे आधी यहोशुआ बेन गमला या महापुरोहिताने ठरवले की, गावोगावी शिक्षक असावा आणि मुलाला सहाव्या-सातव्या वर्षीच शाळेत घालावे. पुढे वर्गाचा आकारही ठरला: पंचवीस मुलांना एक शिक्षक, चाळीस झाली तर मदतनीस, पन्नास झाली तर दोन शिक्षक. मुली मात्र या हिशेबात नव्हत्या, हेही सांगितले पाहिजे. तरीही दीड हजार वर्षांहून जुने हे कोष्टक ऐकून आपल्या एकशिक्षकी शाळेतले गुरुजी एक सुस्कारा टाकतील!

हे सारे ज्ञान बराच काळ तोंडी होते. इसवी सन 200 च्या सुमारास यहूदा हनासी यांनी त्याची मांडणी केली. त्या ग्रंथाला मिश्ना म्हणतात. त्याचे सहा विभाग, आणि पहिल्याच विभागाचे नाव ‘बियाणी’. शेताचा एक कोपरा न कापता गरिबांसाठी ठेवावा, ही जुनी धर्माज्ञा. कोपरा केवढा? मिश्ना सांगते, साठाव्या हिश्शाहून कमी नसावा. कापताना कणसे खाली पडली तर ती गरिबाची. किती पडली तर? एक किंवा दोन पडली तर गरिबाची, तीन एकदम पडली तर मालकाची. दया हा मनाचा गुण खरा, पण तिला माप नसले तर ती मालकाच्या लहरीवर राहते. रब्बींनी दयेला माप लावले.

आणि कर्जाचे काय? धर्मशास्त्रात असे होते की दर सातव्या वर्षी कर्ज माफ. हेतू चांगला, परिणाम उलटा. सातवे वर्ष जवळ आले की सावकार हात आखडता घेई आणि गरजू माणूस दारोदार फिरे. तेव्हा हिल्लेल नावाच्या आचार्यांनी तोड काढली. सावकाराने आपले येणे न्यायसभेच्या स्वाधीन केल्याचा लेख करावा; सभेकडे आलेले येणे माफीत धरायचे नाही. कर्ज मिळू लागले. पण शास्त्राच्या स्पष्ट शब्दाला असा वळसा घालण्याचा अधिकार हिल्लेलना होता काय? पुढच्या पिढ्यांतल्या एका आचार्यांनी ‘हा न्यायाधीशांचा उद्धटपणा’ अशा अर्थाची टीका केली. आणि मंडळी, ती टीकाही पुढे ग्रंथात जपून ठेवली गेली.

मिश्नेवर बाबिलोनच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या पाठशाळांत शेकडो वर्षे चर्चा झाली. ती सहाव्या शतकाच्या सुमारास ग्रंथरूपाने स्थिरावली. हाच बाबिलोनी तालमूद. त्यात जिंकलेले मत आहे तसे हरलेलेही आहे, आणि हरलेल्याच्या नावासकट आहे. हिल्लेल आणि शम्मई या दोन आचार्यांच्या संप्रदायांत शेकडो वाद झाले. बहुतेक वेळा हिल्लेलच्या बाजूने निर्णय झाला. का? तालमूद कारण देतो की ते सौम्य होते, आणि स्वतःचे मत सांगण्याआधी विरुद्ध पक्षाचे मत सांगत.

पण वाद नेहमीच इतका गोड नसतो. तालमूदातलीच एक गोष्ट ऐका. एका मातीच्या भट्टीचे तुकडे करून मध्ये वाळू भरून ती जोडली होती. अशी भट्टी विटाळते की नाही, हा प्रश्न. रब्बी एलिएझर म्हणाले, नाही. बाकी सारे म्हणाले, विटाळते. एलिएझरांनी सारी प्रमाणे दिली, कोणी ऐकेना. मग त्यांनी चमत्कार घडवले. झाड जागचे हलले, पाट उलटा वाहिला, पाठशाळेच्या भिंती कलल्या, आणि आकाशवाणी झाली की एलिएझरांचेच खरे. तेव्हा रब्बी यहोशुआ उठून उभे राहिले आणि म्हणाले की, धर्मशास्त्र एकदा माणसांच्या हाती दिले आहे. आता निवाडा स्वर्गात होणार नाही, इथे बहुमताने होईल. सभेने आकाशवाणी बाजूला सारली!

इथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पुढची कमी सांगितली जाते. जिंकलेल्या सभेने एलिएझरांना वाळीत टाकले. ही बातमी सांगायला त्यांचा शिष्य अकिवा काळी वस्त्रे नेसून गेला आणि चार हात दूर बसला. ‘गुरुजी, आपले सोबती आपल्यापासून दूर राहत आहेत असे दिसते,’ असे काहीतरी मऊ शब्दांत तो बोलला. वृद्ध आचार्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. त्यांची पत्नी इम्मा शालोम ही सभेच्या प्रमुखाची, रब्बान गमलिएल यांची बहीण. नवऱ्याने दुःखाची पूर्ण प्रार्थना केली तर भावाचे बरे होणार नाही, हे ती जाणून होती. ती त्यांना जमिनीवर डोके टेकू देत नसे. एके दिवशी तिची नजर चुकली, आणि भाऊ गेला. ही कथा तालमूदात कुठे आहे ठाऊक आहे? भट्टीच्या प्रकरणात नाही. शब्दाने दुसऱ्याला दुखवण्याचे पाप केवढे, या प्रकरणात आहे. सभा बरोबर होती, तरीही ती चुकली, असे तो ग्रंथ सुचवतो.

ही विद्या पुढे दूरदूर गेली. फ्रान्समधल्या त्र्वा गावी राशी (1040–1105) यांनी तालमूदावर इतकी सोपी टीका लिहिली की आजही मुले तिच्याच बोटाला धरून ग्रंथात शिरतात. छापील पानावर मध्ये मूळ, एका कडेला राशी, दुसऱ्या कडेला त्यांच्या नातवंडांच्या पिढीने काढलेल्या शंका. हा संपूर्ण ग्रंथ व्हेनिसला 1520 ते 1523 या काळात डॅनिएल बोंबर्ग नावाच्या ख्रिस्ती मुद्रकाने छापला. त्याआधी 1242 मध्ये पॅरिसला आणि नंतर 1553 मध्ये रोमला याच ग्रंथाच्या प्रतींची होळी झाली होती. 1923 साली पोलंडचे रब्बी मेइर शापिरो यांनी सुचवले की जगभरच्या लोकांनी रोज एकच पान, तेही तेच पान, वाचावे. साडेसात वर्षांच्या आसपास एक पारायण होते. चौदावे पारायण 2020 च्या जानेवारीत सुरू झाले.

आता परत कोकणाकडे येऊ. बाराव्या शतकात मैमोनिदेस नावाचे थोर रब्बी इजिप्तमध्ये राहत होते. जन्म स्पेनचा, धंदा वैद्यकीचा, मृत्यू 1204 मध्ये. साऱ्या धर्मशास्त्राची त्यांनी चौदा खंडांत मांडणी केली. त्यांचा धाकटा भाऊ रत्नांचा व्यापारी होता. तो हिंदी महासागरात बुडाला, आणि त्या दुःखाने हे वैद्य वर्षभर अंथरुणाला खिळले. त्यांनी फ्रान्सच्या विद्वानांना लिहिलेल्या एका पत्रात भारतातल्या ज्यूंचा उल्लेख आहे. या लोकांना लिखित शास्त्र ठाऊक नाही, ते शनिवार पाळतात आणि मुलांची सुंता करतात, एवढाच त्यांचा धर्म, असा त्याचा आशय. पत्रात कोकणाचे नाव नाही. पण वर्णन शनवार तेल्यांना नेमके जुळते.

बेने इस्राएलांपाशी रब्बी नव्हते, तालमूद नव्हता. पुढे कोचीन आणि बगदादकडच्या ज्यूंमुळे ओळख वाढली. 1796 मध्ये सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू ग्रंथ मराठीत आणले. 1874 मध्ये पुण्याला वल्हांडणाची पोथी मराठी अर्थासह छापली गेली. त्यांच्यात मराठी कीर्तनेही रंगू लागली.

1948 नंतर यांतले बहुतेक लोक इस्राएलला गेले. आणि तिथे 1962 च्या सुमारास रब्बींनी एक प्रश्न काढला. शेकडो वर्षे यांच्यात रब्बीच नव्हते, तेव्हा यांच्या काडीमोडी शास्त्राप्रमाणे झाल्या होत्या काय? म्हणून यांच्याशी लग्न लावताना पूर्वजांची चौकशी करावी. शास्त्राच्या दृष्टीने शंका कदाचित काटेकोर असेल. पण ज्यांनी शास्त्र हाती नसताना शनिवार सोडला नाही, त्यांच्या काळजाला ती लागली. ते जेरुसलेमच्या रस्त्यावर बसले. 1964 साली तिथल्या लोकसभेने त्यांना सर्व बाबतींत समान मानल्याचे जाहीर केले आणि रब्बींच्या मंडळाने त्या नियमातून बेने इस्राएल हे नाव काढून टाकले.

भट्टीची जुनी गोष्ट विद्वानांना पाठ असते. ती पाठ असूनही पुन्हा कोणाला तरी अंगणात बसून रडावे लागते, हे खरे. पण ग्रंथाने एक सोय करून ठेवली आहे. हरलेल्याचे नाव आणि दुखावलेल्याचे अश्रू त्याने पुसलेले नाहीत. म्हणून दुसऱ्या दिवशी पान उघडले की ते समोर येतात आणि वाचणाऱ्याला उत्तर द्यावे लागते.

गुरुजी, उद्या वर्गात एखादे मूल म्हणाले, ‘पेरणी आधी नि नांगरणी मग, हे चूक आहे,’ तर त्याला खाली बसवू नका. त्याला विचारा, कोणत्या गावची पेरणी, बाळ?