शब्दवेध : क्रॉप

फोटोशॉप शिकायला बसलेल्या नाशिककराला टूलपट्टीतलं ‘क्रॉप’ हे नाव चकवतं. शाळेत अर्थ पाठ केलेला ‘पीक’, आणि इथे तर नुसती कापाकापी! पण अर्थ दोन असले तरी मूळ एकच. जुन्या इंग्रजीत हा शब्द रोपाच्या शेंड्याला, कणसाला होता. शेंडा खुडणं हे क्रियापद झालं, खुडून हाती आलं ते पीक. पुढे केसही ‘क्रॉप’ होऊ लागले, मग फोटोच्या कडा.

त्या टूलचं चिन्ह म्हणजे एकमेकांत अडकलेले दोन काटकोन. पूर्वी छपाईवाले पुठ्ठ्याचे असेच दोन काटकोन फोटोवर मागेपुढे सरकवून चौकट ठरवत.

मराठीत बेलाशक ‘छाटणी’ म्हणावं. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी कुणाला समजवावी लागत नाही. काडीवर डोळे किती ठेवायचे, हा तिथला खरा हिशेब. फोटोशॉपमध्ये एक जादा सोय आहे : ‘डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स’समोरची खूण काढली, की छाटलेली कड नुसती झाकली जाते, हवी तेव्हा परत ओढता येते. नवशिक्यांनी ती खूण पहिल्याच दिवशी काढून टाकावी.