सिकलसेल : पत्रिकेआधी दोघांचं रक्त तपासा

सिकलसेल हा आई-वडिलांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार आहे. शिवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने तो होत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार या भागांत त्याचे रुग्ण जास्त आढळतात.

काय होतं?
हिमोग्लोबिनमधील दोषामुळे रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. चांगली पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही १० ते २० दिवसांतच फुटते. त्यामुळे रक्त कमी होतं, डोळे पिवळे पडतात. पेशी बारीक नसांत अडकल्या की हातपाय, सांधे असह्य दुखतात.

वाहक की रुग्ण?
दोष एकाच पालकाकडून आला तर तो वाहक. वाहकाला सहसा काहीच त्रास नसतो, म्हणून त्याला ते माहीतही नसतं. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के. एकच वाहक आणि दुसऱ्याचं रक्त निर्दोष असेल तर मूल रुग्ण होत नाही. म्हणजे वाहक मुलीचं किंवा मुलाचं लग्न अडायचं कारण नाही, फक्त दोघांची तपासणी हवी.

तपासणी व काळजी
प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे चौकशी करा. पहिल्या सोल्युबिलिटी चाचणीत दोष दिसला तरी वाहक की रुग्ण, हे पुढच्या इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीतच कळतं. रुग्णाने भरपूर पाणी प्यावं, थंडीपासून जपावं. लोहाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. हायड्रॉक्सीयुरिया डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. ताप, छातीत दुखणं किंवा धाप लागली तर घरी न थांबता दवाखाना गाठावा.