टुपाक: पँथरच्या पोटी जन्मलेला रॅपर

टी-शर्टवरचा टुपाक आपल्या पोरांना ठाऊक आहे. त्याची आई अफेनी शकूर ठाऊक नाही. ती ब्लॅक पँथर. टुपाक पोटात असताना न्यूयॉर्कच्या कोर्टात तिने स्वतःचा खटला स्वतः लढवला आणि १९७१ साली निर्दोष सुटली. पुढच्याच वर्षी त्या पँथरपासून प्रेरणा घेऊन मुंबईत दलित पँथर उभी राहिली.

म्हणून त्याला नुसता 'गँगस्टर' म्हणणे आम्हाला मान्य नाही. बाल्टिमोरच्या कलाशाळेत तो अभिनय शिकला. १९९१चा पहिला अल्बम पोलिसी अत्याचारावर बोलला. १९९२च्या 'ज्यूस'मधला खुनशी बिशप ही भूमिका होती, माणूस नव्हे. मात्र लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात १९९५ साली त्याला शिक्षा झाली, हे झाकून आम्ही जयजयकार करणार नाही. १९९६ साली, पंचविशीत, तो गोळ्यांना बळी पडला. 'ग्रिडलॉक्ड' त्यानंतर पडद्यावर आला.