तळटीप : छातीचा मार आणि सोनोग्राफी
१. आळेफाट्यावर पुणे–नाशिक महामार्ग आणि माळशेज घाटातून येणारा कल्याण–अहिल्यानगर रस्ता एकमेकांना छेदतात. लेखकाने वर्णिलेला अपघात या चौकाजवळचा. ‘सोनोग्राफीत काही निघालं नाही’ हे वाक्य मात्र जपून वाचावे. भरधाव गाडी एकदम थांबली की महाधमनी बहुधा डाव्या हाताची रक्तवाहिनी जिथे निघते त्याच्या किंचित पुढे फाटते. ही जागा फुप्फुसाआड असते आणि हवा ध्वनिलहरी अडवते. त्यामुळे छातीवर प्रोब ठेवून हृदयाभोवती किंवा फुप्फुसाबाहेर साचलेले रक्त मिनिटांत दिसते, पण महाधमनी शाबूत असल्याची खात्री मिळत नाही. अन्ननलिकेतून केलेली इको ही जागा पुष्कळ स्पष्ट दाखवते (अन्ननलिका महाधमनीला लागूनच असते), मात्र मानेच्या मणक्याला इजा असल्यास ती टाळावी लागते. भरवशाची तपासणी सीटी अँजिओग्राफीचीच. रक्तदाब ठीक असला तरी धोका टळलेला नसतो: महाधमनीचा बाहेरचा पातळ थर काही तास रक्त थोपवून धरतो आणि मग फुटू शकतो. छातीला जोराचा मार बसलेल्या जखमीच्या नातेवाइकांनी सोनोग्राफीच्या कागदावर समाधान मानू नये. सीटीची सोय असलेल्या रुग्णालयात हलवायचे का, हे डॉक्टरांना तिथेच विचारावे. — संपादक